हिरवी ओळ

कारध्याहून पूल ओलांडून आमचा प्रोग्रामर ऑफिसात येतो आणि हेल्मेट न काढताच प्रोग्रामच्या टेस्ट चालवतो. टेस्टचा निकाल सांगणारं फ्रेमवर्क नवं आलं, पण चूक पकडणारी असर्शनं त्यानं जुन्याच लायब्ररीची ठेवली. म्हणतो, "हाताले सवय हाय ना!" ती बिचारी लाल अक्षरांत बोंबलतात. नव्या फ्रेमवर्कला ते ऐकूच येत नाही. ते खाली हिरव्या ओळीत 'सगळं पास' लिहितं. हा तेवढंच वाचतो.

काल आमच्या प्रोग्रामनं धानाच्या काट्यावर रिकाम्या ट्रॉलीत बारा क्विंटल धान दाखवलं. मी त्याला महिनाभराच्या लाल ओळी दाखवल्या. म्हटलं, "ही जुनी असर्शनं नव्या फ्रेमवर्कला जोडून टाक ना बे."

"कायले टेन्शन घेतो? आत्ता करून देतो."

त्यानं सेटिंग उघडली आणि लाल अक्षरांचा रंग हिरवा केला.