सनूच्या पोटातले जीव

काल सकाळी सुई टाकायला झाकण उघडलं तर सनूच्या सुयांच्या डब्यात मला गोळ्या सापडल्या... आणि मी तिथंच ओट्याला टेकून उभी राहिले.

सनू माझी मुलगी, नऊ वर्षांची. तिला टाइप वन डायबेटिस आहे, त्यामुळे रोजचं इन्सुलिन आलं. वापरलेल्या सुया टाकायला एक जाड प्लॅस्टिकचा डबा ठेवलाय, त्यात घरातलं कुणीच हात घालत नाही. लपवायला जागा पोरीनं बरोबर हेरली होती.

गोळ्या अँटिबायोटिकच्या होत्या. घसा पिकून ताप आला म्हणून सांगलीच्या डॉक्टरांनी दिलेल्या. मी रोज हातावर गोळी ठेवायचे, ही पाण्याचा घोट घ्यायची आणि गोळी गालात धरून पसार व्हायची... इकडे ताप हटेना, शुगर तीनशेच्या खाली येईना, डॉक्टरांना विचारून इन्सुलिन वाढवता वाढवता मी रडकुंडीला आलेले.

माझं टाळकंच सरकलं. दंडाला धरून विचारलं, हे काय आहे? तर अगदी शांतपणे म्हणाली, "आई, त्यानं माझ्या पोटातले जीव मरतात."

मला आधी कळेचना. मग आठवलं... मागच्या महिन्यात साताऱ्याला टाइप वनच्या मुलांचा मेळावा होता. तिथल्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं होतं की आपल्या आतड्यात असंख्य बॅक्टेरिया राहतात, भाज्या आणि डाळी हे त्यांचं जेवण, आणि शुगर सांभाळण्यात त्यांचाही हात असावा का, यावर संशोधन चालू आहे. इन्सुलिन मात्र कधीच सोडायचं नाही, हे त्यांनी दहादा बजावलं. अँटिबायोटिकनं चांगले बॅक्टेरियाही मरतात म्हणून ती उगाच घ्यायची नाहीत, असंही म्हणाल्या. त्यातलं 'उगाच' आमच्या बाईसाहेबांनी सोडून दिलं होतं.

त्यात आम्ही जैन. तिचे आजोबा, म्हणजे माझे सासरे आप्पा, सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब घेत नाहीत. सनू चालायला लागली तेव्हापासून त्यांनी तिला मुंगी बघून पाऊल टाकायला शिकवलंय. मेळाव्यापासून ही दोडका, घेवडा, सगळं न कुरकुरता खात होती आणि मी आपली खूश... तिच्या लेखी ती पोटातल्यांना जेवू घालत होती!

इन्सुलिन कमी पडलं की अंगात साठणारे कीटोन लघवीत आहेत का, ते पट्टीनं तपासलं. पट्टीचा रंग गडद झाला. हे वाढलं की मूल बेशुद्ध पडतं, जिवावर बेततं... एकदा भोगलंय आम्ही. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी इन्सुलिनचा डोस सांगितला, पाणी पाजत राहा म्हणाले, गोळी लगेच सुरू करा आणि उलटी झाली तर थेट घेऊन या.

इन्सुलिन तिनं मुकाट्यानं घेतलं. गोळीला मात्र तोंडच उघडेना. समजावलं, ओरडले, शेवटी हात जोडले... पोरगी दात आवळून बसलेली आणि डोळ्यांतून धारा.

तेवढ्यात आप्पा द्राक्षबागेतून आले. फवारणी चाललेली, तोंडाला टॉवेल, अंगाला औषधाचा वास. मला धडकीच भरली, हे तिच्या बाजूनं बोलले तर संपलंच. मी सगळं सांगितलं. ते हातपाय धुऊन, कपडे बदलून आले आणि तिच्यासमोर फरशीवर बसले.

"सनू, मी आत्ता काय करून आलो?"

"फवारणी."

"त्यात जीव जात्यात का न्हाई?"

तिनं हळूच मान हलवली.

"लय जात्यात. माझ्याच हातनं. रोज त्यांची क्षमा मागतो आन सकाळी परत बागेत जातो. माझ्या हातनं पापच घडत न्हाई, असं तुला कवा सांगितलं मी?"

इतक्या वर्षांत हे मी आप्पांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"आन तू पण एक जीवच हायस न्हवं? तुला काय झालं तर त्ये कुणाची क्षमा मागून फिटायचं न्हाई."

सनूनं डोळे पुसले. मग विचारलं, सगळे मरतील का? आता हे आप्पांना काय ठाऊक! मी परत डॉक्टरांना फोन लावला, स्पीकरवर. ते बिचारे हसले नाहीत. म्हणाले, सगळे नाही मरत, बरेच उरतात, आणि तू नीट जेवलीस की पुन्हा वाढतात.

तिनं फ्रॉकवरून पोटावर हात ठेवला, डोळे मिटले. ओठ हलत होते, 'क्षमा' एवढंच मला ऐकू आलं. मग गोळी गिळली आणि या वेळी तोंड उघडून दोन्ही गाल दाखवले.

संध्याकाळपर्यंत पट्टी फिकी झाली, शुगर उतरायला लागली. आज ताप नाही.

मी मात्र अजून धक्क्यातच आहे. रोज स्वतःच्या अंगात सुया टोचून घेणारी ही पोर, 'मलाच का' म्हणून कधी रडली नाही... आणि पोटातल्या न दिसणाऱ्या जिवांसाठी जिवावर उदार झाली होती. आप्पांचे उपकार कसे मानू तेच कळत नाही.

आज सकाळी गोळी दिली तर म्हणाली, "आई, तू पण हात ठेव. गोळी तू देतेस ना?"

ठेवला.