सरकती भावकी

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे मी तिथं नेमकं काय शिकते हे घरात कुणाला नीट विचारता येत नव्हतं, आणि मलाही नीट सांगता येत नव्हतं. अंबाजोगाईला बीसीएची दोन वर्षं झाली तरी अप्पा, म्हणजे माझे वडील, गिऱ्हाइकांना एवढंच सांगायचे की पोरगी कॉम्प्युटरच्या लाईनला हाय. ती लाईन कुठं जाऊन पोचते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

सिरसाळ्यात आमचं बैलांच्या साजाचं दुकान आहे. कासरे, वेसणी, मुसक्या, गोंडे, घुंगरमाळा, झुली. ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्यांसाठी लागणारे दोरखंड. आमच्याकडची प्रत्येक वस्तू गिऱ्हाईक हातात घेतं, दोन्ही बाजूंनी ओढून बघतं आणि मगच भाव विचारतं. कॉम्प्युटरचं शिक्षण असं ओढून बघता येत नाही, ही अप्पांची खरी अडचण होती.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मी उन्हाळ्यात घरी आले, तेव्हा युसूफ वडगावची आत्या आलेली होती. आत्या अप्पांपेक्षा मोठी. अप्पा तिला अक्का म्हणतात आणि ती आली की दुकानाची गादी सोडून खाली बसतात. तिचं म्हणणं होतं की पोरीला आता डी.एड.ला घालावं. शाळेत घंटा होते, सुट्टी होते, लोक बाई म्हणून हाक मारतात. कॉम्प्युटरवाल्या बाईला लोक काय म्हणतात, असं तिनं मला विचारलं. बरंच बोलणं झाल्यावर अप्पांनी व्यापाऱ्यासारखा तोडगा काढला.

"तिसऱ्या वर्षाचं ॲडमिशन सुरू व्हायच्या आत आपलं दुकान त्या इंटरनेटवर दिसलं पायजे," ते मला म्हणाले. "दिसलं तर शीक. न्हाई दिसलं तर अक्का म्हणते तसं."

मी हो म्हटलं. पण तो हो इतका बारीक निघाला की आत्यानं "काय म्हनली ही?" असं अप्पांना विचारलं.

कारण असं की मला एचटीएमएल येत होतं, पण कागदावर. आमच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर कमी आणि मुलं जास्त, म्हणून सर सगळं फळ्यावर लिहून द्यायचे आणि परीक्षेतही आम्ही ते पेनानंच लिहायचो. मला त्यात मार्कही चांगले होते. कागदावर लिहिलेली वेबसाईट कधी बिघडत नाही.

लॅपटॉप दिला चुलतभावानं. त्याला मी दादा म्हणते. त्याचं बसस्टँडजवळ फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, नियुक्ती आणि भावपूर्ण श्रद्धांजली, तिन्ही कामं तो सारख्याच उत्साहानं करतो. लॅपटॉपबरोबर त्यानं सल्लाही दिला. वेबसाईटला घाबरायचं काही कारण नाही, वेबसाईट म्हणजे बांबू नसलेला फ्लेक्स, असं त्याचं मत होतं. मला ते पटलं. दुसरं कुणाचं मत माझ्याजवळ नव्हतंच.

त्या लॅपटॉपमध्ये आमची सगळी भावकी कापून ठेवलेली होती. भावकीतल्या प्रत्येक पुरुषाचा फ्लेक्ससाठी एक ठरलेला फोटो असतो. पांढरा शर्ट, जोडलेले हात, एखाद्याला गॉगल. बहुतेक फोटो कुठल्या ना कुठल्या लग्नात काढलेले आणि मग माणूस मागच्या मांडवातून कापून घेतलेला. माझ्या एका चुलत्याच्या खांद्यावर तर दुसऱ्याच कुणाची तरी चार बोटं राहून गेली आहेत. ती कुणाची हे आता कुणालाच आठवत नाही. न जाणो, कुणी मानाचा माणूस असेल, म्हणून दादा ती काढत नाही.

मी मालाचे फोटो टाकणार होते. पण वेबसाईट होते आहे ही बातमी भावकीत गेली आणि एकेक चुलता दुकानात येऊन उगाच कासरे ओढून बघू लागला. आमच्याकडे फ्लेक्सवर ज्याचा फोटो नाही, त्याला आपण धरलंच नाही असा अर्थ होतो, आणि पुढच्या कार्यात तो जेवायला येत नाही. अप्पांनी मला समजावलं, वरती महादेव, त्याखाली हार घातलेले आजोबा, मग भावकी. मालाचं नंतर बघू, म्हणाले. माल कुठं रुसून बसत नाही.

खरी पंचाईत पुढेच होती. आधी कोण? दोन चुलते साधारण एकाच वयाचे. एक म्हणे मी थोरला, दुसरा म्हणे पण माझं लग्न आधी झालंय. अप्पा दुपारी जेवायला यायचे ते नवीनच क्रम घेऊन, आणि संध्याकाळी तो कुणीतरी मोडलेला असायचा. शेवटी मला वर्गात फळ्यावरून उतरवून घेतलेली मार्की आठवली. तिच्यात टाकलेली गोष्ट पडद्यावर एका बाजूनं येते, सरकत सरकत दुसऱ्या बाजूनं जाते आणि पुन्हा येते. म्हणजे कुणी वर नाही, कुणी खाली नाही. पहिला कोण आणि शेवटचा कोण, हे बघणारा कधी बघायला लागला त्यावर. मी हे अप्पांना दाखवलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्या शिक्षणाकडे थोड्या आदरानं पाहिलं.

पहिल्यांदा लावून बघितली तर पडद्यावर एक मोठं पांढरं काहीतरी सरकत गेलं. ती एका चुलत्याच्या शर्टाची गुंडी होती. फ्लेक्सचे फोटो ते, चौकातल्या बांबूंवर मावायचे. मी त्यांना लहान करून दाखवलं. मग तक्रार आली की माणूस हात जोडेपर्यंत निघून जातो. म्हणून वेग कमी केला, इतका की सगळे बैलगाडीच्या चालीनं जाऊ लागले.

उद्घाटन सोमवारी ठेवलं. अप्पांनी लॅपटॉपच्या झाकणावर विभूतीची तीन बोटं ओढली आणि वर बेलाचं पान ठेवलं. नारळ लॅपटॉपवर नको म्हणून मी हात जोडून उंबऱ्यावर फोडायला लावला. बटण दाबायचा मान आत्याचा. किती जोरात दाबायचं असं तिनं विचारलं आणि सांगितल्यापेक्षा जोरात दाबलं.

पान उघडलं. महादेव आले, आजोबा आले, दुकानाच्या नावापुढे 'समस्त परिवार' असं दादानं लिहिलेलं आलं, अप्पांचा मोबाईल नंबर आला, आणि उजवीकडून पहिले काका हात जोडून बाहेर पडले. खोलीत बसलेल्या त्याच काकांनी स्वतःला परत नमस्कार केला. मग सगळ्यांना कंठ फुटला. एक चुलता आपल्या धाकट्या भावाच्या फोटोला म्हणाला, "थांब की बे, कुठं चाललास?" धाकटा शेजारीच बसला होता. तो म्हणाला, तुमच्या मागंच हाय. अप्पांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मला वाटलं, झालं माझं तिसरं वर्ष.

आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, गुडघ्यामुळे युसूफ वडगावलाच राहिले होते. मी सगळ्या भावकीला पत्ता पाठवलाच होता. आत्यानं त्यांना फोन लावला आणि दिसतंय का विचारलं. त्यांना काही दिसत नव्हतं. मग खोलीतल्या सगळ्यांनी आपापले फोन काढले. कुणाच्याच फोनवर काही नाही.

"माझा फोटो टाकला न्हाई म्हून मला दिसंना काय?" मामा स्पीकरवर म्हणाले. "तसं सरळ सांगा की."

फोटो आहे, गॉगलवाल्या काकांच्या पुढंच आहात, असं त्यांना सांगितलं. त्यावर ते आणखीच दुखावले. मला सोडून सगळ्यांना का म्हून दाखवायलाय, म्हणाले.

मला तोवर कळलं होतं. वेबसाईट दादाच्या लॅपटॉपमध्येच पडून होती. तिथं ती उघडत होती म्हणून मला वाटलं होतं की ती इंटरनेटवर आहे. सगळ्या भावकीला मी पाठवला होता तो त्याच लॅपटॉपच्या एका कोपऱ्याचा पत्ता. हे मी अडखळत सांगितलं.

आत्यानं लॅपटॉपवर टिचकी मारली. "म्हंजे समदे ह्याच्यातच बसलेत?"

"हो."

"आन इंटरनेटवर काय हाय मग?"

"काहीच नाही."

एका चुलत्यानं सुचवलं की लॅपटॉपच बसस्टँडवर काचेच्या पेटीत ठेवावा, ज्याला बघायचं तो येऊन बघेल. दादा त्याचा खरोखर विचार करू लागला. अप्पांनी बेलाचं पान उचलून देव्हाऱ्यात ठेवलं आणि अजून येळ हाय एवढंच म्हणाले. पण आत्या त्या रात्री परत गेली नाही. डी.एड.चे अर्ज कधी निघतात ते ती आईला विचारत होती, हे मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी एका हिंदी व्हिडिओत मला सापडलं की वेबसाईट ठेवायला इंटरनेटवर जागा घ्यावी लागते, आणि ती फुकटही मिळते. अप्पांना यात काही तरी गडबड वाटली. जागा कुणाची, मालक कोण, फुकट का म्हून देतो, उद्या उठवलं तर? मालक परदेशात असतो एवढंच मला सांगता आलं. एकदा फोन तरी करून बघावा, असं त्यांचं म्हणणं होतं. मी सगळी भावकी वर चढवायला बसले. फोटो इतके जड की जेवणं झाली, दुपारची झोप झाली, दिवे लागले, तेव्हा शेवटचे काका चढले.

यावेळी मामांना फोन लावून पान उघडायला सांगितलं. मग म्हणाले, "माझी टोपी आली." आम्ही सगळे फोनभोवती बसलो. "कपाळ आलं. थांबा." बराच वेळ गेला. "आता मिशीपाशी अडकलंय." आत्यानं पदर तोंडाला लावला, ती हसत होती की काळजीत होती ते कळलं नाही. शेवटी मामा पूर्ण आले आणि त्यांनी समाधानानं फोन ठेवून दिला.

पत्ता मग पाव्हण्यारावळ्यांच्या ग्रुपवर फिरला. काही दिवसांनी मी दुकानात असताना अप्पांचा फोन वाजला. घाटनांदूरकडचे कुणी गृहस्थ होते. तुमची वेबसाईट बघितली, म्हणाले. अप्पा गादीवरून उठले, टोपी घातली, मला जवळ बोलावलं आणि फोन स्पीकरवर टाकला.

"त्या गॉगलवाल्याच्या मागून एक निळ्या शर्टाचं पोरगं येतंय," ते गृहस्थ म्हणाले. "त्याचं कुठं जमलंय का?"

निळ्या शर्टाचा म्हणजे दादा. अप्पांना दुकानाची इतक्या वर्षांची सवय. "न्हाई," ते म्हणाले. "शिल्लक हाय."

पत्ता, गोत, शेती सगळं बोलणं झालं. मग अप्पांनी हळूच विचारलं की झुली, दोरखंड काही लागतील का. त्यावर ते गृहस्थ गोंधळले. तुमचं दुकान हाय व्हय, म्हणाले. त्यांना ते कुठलं तरी मंडळ वाटलं होतं.

फोन ठेवल्यावर अप्पांनी माझा मोबाईल घेतला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी भावकी जाऊ दिली.

"कासरा कुठाय?" त्यांनी विचारलं.

कासरा नव्हता. घुंगरमाळ नव्हती. मालाचं नंतर बघू म्हणालो ते आम्ही सगळेच विसरलो होतो. आमच्या दुकानाच्या वेबसाईटवर सुताचा एक धागासुद्धा नव्हता, आणि उद्घाटनाला आलेल्या एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

दादाच्या सोयरिकीचं ऐकून आत्या संध्याकाळी पुन्हा आली. पाव्हणे चांगले आहेत, म्हणाली. पण ती बोलायला चुकत नाही. पोराचं जमतंय हे खरं, तरी बोली दुकानाची झाली होती, असं तिनं सुनावलं. मला वाटलं हे मीच सांगितलेलं बरं.

"अप्पा, दुकान नाही दिसलं," मी म्हणाले. "माणसंच दिसली."

अप्पांनी एका गोंड्याचे धागे सारखे केले.

"अक्का," ते म्हणाले, "दुकान दाखवायचं म्हंजे आदी ही मानसं खाली उतरवावी लागतील. कोण उतरवनार? मला ह्याच गावात ऱ्हायचंय. पुतन्याला फ्लेक्सचा धंदा करायचाय. हिला म्हनता येतंय, कॉलेजच्या सरांनी काढायला लावले म्हून. पन त्याला कॉलेज पायजे की. आन एकदम न्हाई काढता येत. हळूहळू एकेक. वरीसभर तरी लागंल."

आत्यानं विचार केला. मनातल्या मनात ती कोण कधी रुसेल ते बघत असावी.

"आमच्या ह्यांना सगळ्यात शेवटी काढा," ती म्हणाली आणि चहा ठेवायला सांगितला.

ॲडमिशनच्या दिवशी अप्पा मला अंबाजोगाईच्या एसटीत बसवायला आले. गाडी सुटायला लागली तसे खिडकीजवळ आले आणि म्हणाले, "दोरखंडाचा फोटो गुंडाळी सोडून काढत जा. गुंडाळी बघून गिऱ्हाइकाला लांबी कळत न्हाई."