दुसरं कार्ड आणि उस्तादांचा हात

थोरल्यानं उस्तादांचा उजवा हात दुकानाच्या उंबऱ्यावर पायानं दाबून धरला आणि मधल्यानं शटर खाली ओढलं. एवढंच. त्याला असा किती वेळ लागतो? मी आत टेबलाखाली होतो. धाकटा तोवर आमच्या कॉम्प्युटरच्या डब्यावर नाचत होता, म्हणजे खरोखर दोन्ही पायांनी, आणि डबा चेपत गेला तसे त्यातून पंख्याचे तुकडे बाहेर पडत होते.

उस्ताद म्हणजे आमचे मालक. नांदेडला त्यांचं लग्नाच्या व्हिडिओंचं दुकान. दोन कॅमेऱ्यांनी शूटिंग करायचं आणि मग ते कापून, जोडून, गाणी घालून तीन तासांची फिल्म करायची. ते तिघं कंधार तालुक्यातल्या एका गावचे सख्खे भाऊ. त्यांच्या बहिणीचं लग्न आम्ही शूट केलं होतं. लग्नाला तीन आठवडे झाले नाहीत तोच त्यांचे वडील ट्रॅक्टरखाली गेले. चालते-बोलते वडील उरले होते ते फक्त आमच्याकडच्या चित्रणात. तिसऱ्या दिवशी राख सावडून तिघं सरळ दुकानात आले. तेराव्याला गावात पडदा लावून दाखवायचं म्हणाले. उस्ताद म्हणाले, "सीझन हाय. महिना लागंल."

जाताना थोरला म्हणाला, "पुढच्या रविवारी तेरावा हाय. दुपारपर्यंत फिल्म न्हाई आली तर आम्ही येतोच. दुसरा हात बी तयार ठिव."

उस्तादांनी तक्रार केली नाही. "बाप मेलाय त्यांचा," म्हणाले. आणि मला डाव्या हातानं एक ठेवून दिली, कारण मी टेबलाखाली होतो.

उस्तादांबद्दल वाईट लिहायला मी बसलेलो नाही. मी कोकणातला. आठवीत शाळा सोडली आणि मामाबरोबर नांदेडला आलो. मामा एसटीत चालक. वर्षभरात मामाची बदली झाली, मी राहिलो. राहिलो म्हणजे उस्तादांनी ठेवून घेतलं. दुकानात चटई दिली, दोन वेळचा डबा घरून आणला, कावीळ झाली तेव्हा उचलून दवाखान्यात नेलं. काम शिकवलं. ते शिकवताना मारायचे. वायरनं, ट्रायपॉडच्या मुठीनं, हाताला येईल त्यानं. सव्विसाव्या वर्षीही मारायचे. मला वाटायचं, शिकवणं असंच असतं. अजूनही पुरतं खोटं वाटत नाही.

एक नियम त्यांनी पहिल्याच महिन्यात माझ्या मानेत बसवला होता. आमची सिस्टिम चोरीची, तिच्यावर सारखा निळा पडदा यायचा. निळा पडदा म्हणजे कॉम्प्युटर मेला. गिऱ्हाईकानं तो पाहिला की त्याला वाटणार, आपलं लग्न गेलं. म्हणून निळं दिसलं रे दिसलं की काहीही दाबून ते घालवायचं. उशीर झाला की मानेवर फटका. वर्षानुवर्षं असं झाल्यावर मला निळं दिसायचंच नाही, त्याआधी बोट खाली गेलेलं असायचं.

तर कॉम्प्युटर चेपला, पण चित्रणाची हार्ड डिस्क कपाटात होती, वाचली. फिल्म जोडून देणाऱ्या दुसऱ्या मिक्सिंगवाल्याकडे जाता येत नव्हतं. उस्तादांनी नांदेडातल्या प्रत्येकाशी एकदा तरी मारामारी केलेली. उस्तादांच्या घरी एक लॅपटॉप पडून होता, गेम खेळायचा, दोन ग्राफिक्स कार्डवाला. त्याची चोरीची सिस्टिम लॉक होऊन बसली होती. लातूरला कॉम्प्युटर क्लास घेणाऱ्या एक मॅडम ओळखीच्या होत्या, त्यांच्या मुलीचं बारसं आम्ही शूट केलं होतं. सोमवारी लॅपटॉप मांडीवर घेऊन मी लातूरची एसटी धरली. मॅडमनी जुनी सिस्टिम काढून त्यात लिनक्स टाकून दिलं. ते फुकट असतं, आणि चोरीचं नसतं, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं.

"दादा, ह्यात दोन कार्डं आहेत," त्या म्हणाल्या. "पहिलं साधं, पडदा दाखवण्यापुरतं. जोर आहे तो दुसऱ्यात. पण दुसरं आपोआप उठत नाही, त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, टाकावा लागतो. मी ओळीनं लिहून देते, तुम्ही नांदेडला नेट लावून करा."

कागदावर सहा ओळी. मंगळवारी सकाळी मी त्या सहाही केल्या. मधेच लॅपटॉपनं एक पासवर्ड बनवायला सांगितलं, बनवला. लॅपटॉप बंद करून चालू केला. कार्ड आहे का विचारायची आज्ञा दिली. उत्तर आलं, कार्डाशी संपर्क होत नाही.

पुन्हा केलं. तेच.

पहिल्या कार्डावर काम करून पाहिलं, तर दोन कॅमेऱ्यांचं चित्र शेजारी लावलं की नवरी अडकत अडकत चालायची, आणि पक्की फिल्म काढायला लावली की तासाभरात लॅपटॉप तव्यासारखा तापून बंद. मंगळवार गेला. बुधवार गेला. उस्ताद प्लास्टरचा हात गळ्यात बांधून माझ्या खांद्यामागे खुर्ची टाकून बसलेले.

"का करून राहिला रे नारळ्या?" ते मला नारळ्या म्हणत, कोकणातला म्हणून.

"ड्रायव्हर टाकतोय उस्ताद."

"किती येळा टाकतो? एवढ्या येळात माणूस गाडी चालवायला शिकून ड्रायव्हर झाला असता."

गुरुवारी सकाळी पाचव्यांदा तेच उत्तर आलं तेव्हा त्यांनी डाव्या हातानं ट्रायपॉडची मूठ माझ्या कानावर मारली. डाव्या हाताला नेम नव्हता, म्हणून जास्त लागलं. कानात शिट्टी सुरू झाली. भुवईही फुटली होती, तिचं रक्त कीबोर्डवर पडलं, ते मी आधी पुसलं, कारण कीबोर्डला काही झालं असतं तर. मग ते प्लास्टर दाखवायला दवाखान्यात गेले.

मी रडत रडत सहाव्यांदा पहिल्या ओळीपासून केलं. लॅपटॉप पुन्हा चालू केला. पडदा निळा झाला आणि माझं बोट उठलं.

मागे खुर्ची रिकामी होती.

बोट तसंच वर राहिलं. त्या निळ्यावर इंग्रजी अक्षरं होती आणि खाली आकडे मोजले जात होते, दहा, नऊ, आठ. हा मेलेल्या कॉम्प्युटरचा पडदा नव्हता. तो काहीतरी विचारत होता. म्हणजे आधी पाचही वेळा हा आला होता आणि पाचही वेळा मी दोनदा एंटर मारून तो घालवला होता. मी वाचेपर्यंत आकडे संपले आणि तो निघून गेला. सातव्यांदा केलं, आणि ह्या वेळी एक बटण दाबून थांबलो, फोटो काढला, मॅडमना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला.

"अगं बाई! माझ्या मशीनवर हे कुलूप मी काढूनच टाकलंय हो, म्हणून मी लिहिलंच नाही. ती सिस्टिम विचारतेय, हा नवा ड्रायव्हर तुम्हीच आणलाय ना? तुम्ही कुठली ओळ दाबत होता?"

"पहिली असणार. जी उजळलेली असते ती."

"पहिली म्हणजे राहू दे, पुढं चल. दुसरी दाबा. मग तो बनवलेला पासवर्ड द्या."

दिला. तीन वाजता मी ती आज्ञा दिली आणि पडद्यावर चौकट उमटली. दुसऱ्या कार्डाचं नाव, त्याचं तापमान, किती जागा मोकळी. आतला दुसरा पंखा पहिल्यांदाच घरघरला. माझ्या दुखऱ्या कानाला तो ऐकू आला नाही, दुसऱ्या कानानं ऐकला.

आणि मी लॅपटॉप बंद केला.

हेही लिहायचं ठरवलंय. उस्ताद परत आले. "झालं?" म्हणाले. मी म्हणालो, "न्हाई." मला रविवार यायला हवा होता. शटर ओढल्यावर जो आवाज झाला होता तो मला पुन्हा ऐकायचा होता, आणि ह्या वेळी टेबलाखालून नाही. ज्यांचं अन्न बारा वर्षं खाल्लं त्यांच्याबद्दल माझ्या मनात हे होतं, स्वच्छ, भूक लागावी तसं.

उस्तादांनी मारलं नाही. डावा हात टेबलावर ठेवला, बोटं पसरली आणि बराच वेळ बघत बसले. "दोन्ही गेले तर मुतायला बी तूच लागशील रे," म्हणाले. मी हसलो नाही. ते हसले.

शुक्रवारी सकाळी ते यायच्या आधी मी चित्रण उघडलं. दुसरा कॅमेरा लग्नात माझ्याकडे होता. मांडवाबाहेर मी नुसता चालू ठेवलेला एक तुकडा होता. त्यात नवरीचे वडील कॅमेऱ्यासमोर येतात, फेट्याचा शेमला सावरतात, भिंगात डोकावतात आणि मला विचारतात, "व्हिडिओवाले, जेवले का?" माझा आवाज येतो, "होय, मग जेवतो." ते म्हणतात, "मग न्हाई. उन्हात किती उभं राहतो? चल, माझ्यासंगं बस." आणि कॅमेरा खाली जातो, जमीन दिसते, त्यांच्या चपला दिसतात.

त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी जेवलो होतो. लग्नात व्हिडिओवाल्याला कुणी पंगतीत धरून बसवत नाही. हे मी पार विसरलो होतो.

उस्ताद आले तेव्हा म्हणालो, "झालं चालू."

"कसं काय?"

"झालं."

मग दोन दिवस आम्ही खुर्चीवरून उठलो नाही. मला कार्डाला वेगळं सांगावं लागायचं की हे काम तू कर, नाहीतर सगळं पुन्हा पहिल्याच्या गळ्यात पडायचं. पण सांगितलं की ते गाढवासारखं ओढायचं. उस्ताद डाव्या हातानं पडद्यावर बोट ठेवून सांगत, इथं काप, इथं धर. त्यांची नजर मोठी, ते मान्य करायलाच हवं. रविवारी सकाळी फिल्म घेऊन आम्हीच कंधारची बस धरली. तिघांच्या येण्याची वाट पाहिली नाही.

गावात शाळेच्या वर्गात खिडक्यांना सतरंज्या बांधून भरदुपारी अंधार केला होता. मी तो मांडवाबाहेरचा तुकडा पूर्ण ठेवला होता, गाण्याशिवाय. वडील भिंगात डोकावले तेव्हा आख्खा वर्ग ओरडला. धाकटा पडद्याकडे धावत गेला आणि त्यानं पडद्यावर डोकं आपटलं, एकदा नाही, चार-पाचदा. मागं भिंत होती. थोरल्यानं त्याला मिठीत आवळून खाली पाडलं. जेवणात थोरल्यानं स्वतः उस्तादांना वाढलं.

मला राहवलं नाही. कंधारच्या स्टँडवर बसची वाट बघताना म्हणालो, "उस्ताद, मला गुरुवारीच कळलं होतं. तीन वाजता चालू झालं होतं. मी सांगितलं न्हाई."

उस्ताद माझ्याकडे वळले. "न्हाई म्हनलास तू मला."

"हाव."

"हात तुटू द्यायचा व्हता?"

"हाव."

त्यांनी उजवा हात उचलला आणि प्लास्टरसकट माझ्या डोक्यात घातला. मी खाली बसलो. पण ओरडले ते. प्लास्टर मधोमध तडकलं होतं आणि आतलं हाड पुन्हा सरकलं होतं. लोक जमले. एक बाई म्हणाली, "मारणाराच रडून राहिला की!" मी त्यांना काखेत धरून उठवलं. नांदेडपर्यंत माझ्या डोक्यातलं रक्त त्यांच्या सदऱ्यावर गळत होतं. अर्धी वाट मागं पडल्यावर ते हळूच म्हणाले, "मग शुक्रवारी तरी कशाला सांगितलं?"

म्हणालो, "माहीत न्हाई उस्ताद."

दवाखान्यात "पडलो" म्हणाले. नवं प्लास्टर, सहा आठवडे. ते सहा आठवडे मी थांबलो. दुकान चालवलं, त्यांची दाढी केली, घास भरवले. त्यांनी डाव्या हातानंही मारलं नाही. लातूरच्या मॅडमनी क्लासमध्ये मशीन सांभाळायचं काम देऊ केलं होतं, ते मी उस्तादांना सांगितलं नव्हतं. प्लास्टर कापायची तारीख त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मीच गोल करून ठेवली होती.

त्या दिवशी त्यांना दवाखान्याच्या दारात सोडलं, पाया पडलो, आणि आत त्यांचा नंबर पुकारेपर्यंतही थांबलो नाही. रिक्षानं स्टँडवर आलो आणि लातूरच्या गाडीत चालकाच्या मागच्या सीटवर बसलो, डोकं दोन्ही हातांत धरून, गाडी सुटेपर्यंत.