रुतणातली ढोरवाट

१४ ऑक्टोबर २०२४, सोमवार. तीन जीव: एकोणीस वर्षांची एक मुलगी, चार वर्षांची एक म्हैस, आणि म्हशीच्या पोटातलं पाच महिन्यांचं रेडकू.

मुलगी म्हणजे संघप्रिया कांबळे, विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाला. सकाळी दूध संस्थेत नमुने घ्यायचे, मग वैरण कापायची, मग कॉलेज गाठायचं, असा तिचा दिवस. म्हशीचं नाव हरणी. ती निम्मी कांबळ्यांची आणि निम्मी बाळासो चौगुल्यांची. चौगुल्यांनी सहा महिन्यांची पारडी कांबळ्यांच्या दावणीला आणून बांधली होती. जोगवायची, म्हणजे पोसून वाढवायची, कांबळ्यांनी, पहिल्या वेताला पाच माणसं बसवून किंमत ठरवायची आणि निम्मी निम्मी वाटून घ्यायची. या व्यवहाराला अर्धल म्हणतात. कागद लागत नाही, शब्द पुरतो. संघप्रियाचं पुढचं शिक्षण त्या निम्म्या किमतीवर घरात ठरून गेलं होतं.

कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून मोटारसायकलीमागे पळवतात. शिंगं रंगवतात, गळ्यात कवड्यांच्या माळा घालतात, आणि सायलेन्सर काढलेल्या गाडीच्या आवाजावर म्हैस मालकामागे धावते. ही शिकवण दोन-तीन महिने चालते. बाळासोंचा मुलगा धैर्यशील हरणीला रोज सकाळी बांधावरून पळवत असे. ती गाभण होती, म्हणून बेतानंच पळवत असे. संस्थेतल्या बायका बाळासोंना ऐकवायच्या की म्हस पोराचं ऐकती, पोरगं तुमचं कधी ऐकायचं? बाळासोही हसून घ्यायचे.

त्या सोमवारी धैर्यशील गाडी घेऊन फार पुढं गेला. कसबा बावड्याच्या खालच्या अंगाला नदीचं जुनं पात्र आहे. पुराचं पाणी तिथं दिवाळीपर्यंत हटत नाही. खाली गाळ, वर पुरुषभर उंचीचं पाणकणीस. लोक त्याला रुतण म्हणतात. बांध या रुतणाला वळसा घालून जातो. गाडी वळणापलीकडं गेली आणि तिचा आवाज समोरून, पाण्यावरून येऊ लागला. हरणीला बांध शिकवलेला नव्हता, आवाज शिकवलेला होता. ती सरळ आवाजाकडं, रुतणात शिरली.

बांधाखाली वैरण कापणाऱ्या संघप्रियानं ते पाहिलं. मोबाइल वैरणीच्या ओझ्यावर ठेवलेला होता. तो घ्यायचं तिला सुचलं नाही. चपला काढल्या, विळा कमरेला खोचला आणि हरणीला हाका मारत ती मागे गेली. साडेसात वाजले होते. तिकडं धैर्यशीलनं मागे वळून पाहिलं तेव्हा रस्ता मोकळा होता. म्हैस उसात शिरली असं धरून तो दुपारपर्यंत ऊस धुंडाळत राहिला.

शंभर पावलांवर हरणी पोटापर्यंत रुतून थांबली. संघप्रियानं तिच्या गळ्यातला कासरा धरला तेव्हा ती स्वतः मांड्यांपर्यंत आत गेली होती. एक पाय उपसावा तर दुसरा खाली जाई. पहिला अर्धा तास तिनं धडपडण्यात घालवला आणि त्या अर्ध्या तासानं तिला कमरेपर्यंत नेलं. मग ती थांबली. विळ्यानं हाताला येईल तेवढं पाणकणीस कापलं, आडवं-उभं पसरलं आणि त्यावर छातीवर पडून पाय हळूहळू सोडवले. ओढणी भिजवून डोक्यावर घेतली. पायांना जळवा लागल्या होत्या. त्या तिनं नखानं एकेक सोडवल्या. एक दिवड पाण्यावरून जवळून गेली. दिवड बिनविषारी असते हे तिला परीक्षेपुरतं ठाऊक होतं. ते खरं आहे का हे पाहायला ती श्वास रोखून पडून राहिली. तहान लागली तेव्हा पाणकणसाचे पांढरे बुडखे सोलून चघळले. हाका मारून पाहिल्या, पण त्या दाट पात्यांत हाक चार हातही जात नव्हती.

दिसत काहीच नव्हतं. शेवटी ती हरणीच्या पाठीवर चढून उभी राहिली. उगवतीला गावच्या देवळाचं शिखर दिसलं, मावळतीला उंचवट्यावरचे तीन करंज. आणि तिला आजीचं एक बोलणं आठवलं.

आजी म्हणजे आक्काताई, वय शहात्तर. त्या उंचवट्याकडं जायचं नाही, एवढीच तिची घरात ताकीद होती. कारण ती सांगत नसे. एकदाच, तापात असताना, बोलून गेली होती. गावात जनावर मेलं की ते ओढून न्यायचं काम त्यांच्या वस्तीचं. कोरड्या रस्त्यानं न्यायला गावाची मनाई होती, विहिरी आणि देऊळ वाटेत येत म्हणून. तेव्हा तिच्या वडिलांनी आणि भावकीनं रुतणातून दगड टाकत टाकत उंचवट्यापर्यंत वाट केली. ढोरवाट. आठ वर्षांची आक्काताई मागून दोरखंड घेऊन चालायची. करंज आणि शिखर एका रेषेत धरायचे, रेष सोडली की माणूस गेला. "ज्या देवळात पाय टाकायचा न्हाय, त्याचंच शिकर बगून पाय टाकायचा," असं ती म्हणाली होती. छप्पन्न साली दीक्षा घेतल्यावर वडिलांनी दोरखंड खाली ठेवला, आणि घरात त्या वाटेचं नावही निघेनासं झालं.

संघप्रियानं रेष धरली. वाट असलीच तर उजव्या हाताला तीस-चाळीस हातांवर असायला हवी होती. कापायचं, पसरायचं, त्यावर सरपटायचं, पुन्हा कापायचं. सूर्य डोक्यावर आला तेव्हा गाळात खुपसलेला विळा दगडावर खणकला. ती त्यावर उभी राहिली. पाणी घोट्यापर्यंत होतं.

तिथून ती चालत बाहेर जाऊ शकत होती. माणसं आणायला गेलीच असती तर कोणी दोष दिला नसता. पण हरणी मान वर धरून तिच्याकडं पाहत होती, आणि ती गेली असती तर म्हशीनं मागोमाग धडपड केली असती, हे तिला कळत होतं. ती सरपटत परत गेली. "हो हरणे, दमानं," म्हणत, खुरांपुढं पाणकणसाचे भारे दाबत, हात-हात तिनं म्हैस दगडांकडं आणली. तीन तास गेले. पुढचे पाय वाटेपासून हातभर राहिले होते.

तेवढ्यात बांधावरून गाडीचा आवाज आला.

कोणाला तरी बांधाखाली चपला आणि ओझं सापडलं होतं. बाळासो, धैर्यशील आणि पाच-सहा माणसं जमली होती. म्हैस आत आहे तर आवाजावर बाहेर येईल आणि तिच्या आधारानं पोरगीही येईल, असा त्यांचा हिशेब. म्हशी पळवणाऱ्या कुठल्याही घरात त्या वेळी हाच हिशेब झाला असता. धैर्यशीलनं मूठ पिळून गाडी उभ्या जागी रेटली. हरणीनं मान वळवली आणि सगळी ताकद लावून वाटेच्या उलट उसळी घेतली. कासरा संघप्रियाच्या तळहातातून कातडीसकट गेला. म्हैस दहा-बारा हात मागे, मानेपर्यंत गाळात. संघप्रिया ओरडत होती, पण गाडीपुढं तिचा आवाज तिलाच ऐकू येत नव्हता. म्हैस दिसत नाही म्हणून ते गाडी आणखी रेटत होते, आणि गाडी रेटली की म्हैस आणखी खाली जात होती.

मग आवाज एकदम बंद झाला. पाण्यावरून माणसांचं बोलणं स्पष्ट येऊ लागलं. आजी बांधावर येऊन पोचली होती.

"किल्ली दे हिकडं," आक्काताई म्हणत होती. "मुकी हाय ती. आवाज आला की सरळ येती. सरळ काय हाय तितं?"

"मग काय करायचं, आक्काताई? आत वाट न्हाय," बाळासो म्हणाले.

"हाय की."

"आमी जलमापास्नं बघतोय. न्हाय वाट."

अडुसष्ट वर्षं जे शुद्धीत तोंडातून काढलं नव्हतं ते आक्काताईला गावासमोर काढायचं होतं. "तुमाला कशी दिसंल?" ती म्हणाली. "माझ्या बानं दगूड टाकल्यात. तुमची मेल्याली गुरं हितनंच गेल्यात. करंजाकडनं शिरा, शिकर सोडू नगा."

संघप्रियानं वाटेवरून हाक दिली, "आज्जी, मी दगडावर हाय!"

"मग तितंच ऱ्हा. हलू नगंस."

माणसं करंजाकडून आली, एकामागे एक, शिखरावर नजर ठेवून. पाणकणसावर फळ्या टाकून धैर्यशील हरणीपर्यंत पोचला आणि त्यानं तिच्या छातीखालून दोरखंड घातला. सगळे ढोरवाटेवर उभे राहून ओढू लागले. सर्वांत पुढं बाळासो होते. संघप्रियाचे तळहात सोललेले असल्यानं तिला बाजूला उभं केलं होतं, म्हणून तिनं ते नीट पाहिलं: दोरखंडाला चौगुल्यांचे हात, आणि दुसऱ्या टोकाला जिवंत जनावर. सव्वासहाला हरणी उंचवट्यावर उभी राहिली.

त्या पाडव्याला हरणी पळाली नाही. मार्चमध्ये व्याली, पारडी झाली. पाच माणसं बसली, किंमत ठरली. बाळासोंनी निम्मी दिली आणि आपली निम्मीही ठेवून घ्या म्हणाले. पोरीनं जीव धोक्यात घातला होता. आक्काताईनं ती परत सरकवली.

"म्हशीचं मिटलं," ती म्हणाली. "वाटंचं ऱ्हायलंय."

"ते आता कोण कुणाला देणार?" बाळासोंनी विचारलं. त्यांच्या विचारण्यात उर्मटपणा नव्हता. पण आक्काताईनं आपलं म्हणणं मागे घेतलं नाही.

यंदाच्या पावसाळ्यानंतर चौगुल्यांच्या आणि इतरांच्या म्हशी करंजाकडच्या चाऱ्यासाठी त्याच दगडांवरून जातात. संघप्रिया तिसऱ्या वर्षात आहे.

अर्धल पूर्ण फिटली. ढोरवाटेची मजुरी बाकी आहे.