तिसऱ्या पार्टिशनातली ताई

भूकंपाच्या वर्षी मी नांदेडला मावशीकडं शिकायला होते, म्हणून वाचले. ताई गावी होती, ती गेली. तिची एक कॅसेट तेवढी माझ्यापाशी राहिली. तिची अभ्यासाची तऱ्हाच निराळी. इतिहासाची उत्तरं टेपमध्ये भरायची आणि भांडी घासता घासता ऐकायची. तिची दहावी झाल्यावर तीच कॅसेट तिनं मला नांदेडला धाडली. त्यात मधेच उत्तर सोडून ती ओरडते, "माय, दूध उतू चाललंय!" आणि पुन्हा उत्तर सुरू.

पुढं लातूरला एका क्लासचे कॉम्प्युटर सांभाळायला लागले. फीत चिकटायला लागली तशी ताईचा आवाज तिथल्याच मशीनमध्ये भरून घेतला. त्या मशीनची हार्ड डिस्कही करकरायला लागली, तेव्हा तिची इमेज काढली, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फाइलीत नक्कल. डिस्क भंगारात गेली.

इतकी वर्षं माय ते ऐकायला नको म्हणायची. यंदा अंथरुणाला खिळली आणि म्हणाली, एकदा ऐकव. मी लॅपटॉप घेऊन तिच्या खाटेवरच बसले. लिनक्सवर इमेज जोडली, तीन पार्टिशनं, म्हणजे डिस्कचे कप्पे, दिसली. पहिल्यात सिस्टीम, ते नको. दुसऱ्यात क्लासचे पेपर. सवयीनं हात आधी तिकडंच गेला. पेपर सगळे शाबूत. तिसरं माझं, घरचं. ते माउंटच होईना, उघडेचना. फाइलीचा आकार बघितला. डिस्कच्या निम्मीसुद्धा नव्हती. पार्टिशनांची यादी डिस्कच्या सुरुवातीलाच असते, म्हणून तिसरं नुसतं यादीत दिसत होतं. आतलं काहीच आलेलं नव्हतं.

मग आठवलं. त्या दिवशी पोरं सराव परीक्षेला खोळंबली होती, सर दारात उभे. पेपरांपुरती नक्कल झाली आणि मीच ती मधे थांबवली. बाकीचं नंतर करू म्हटलं. कशाचं नंतर! लोकांच्या लेकरांचे पेपर वाचवले आणि बहीण घालवली. लई राग आला स्वतःचा.

लागंना का, मायनं विचारलं. न्हाई म्हटलं, माझ्याच चुकीनं गेलं.

"मंग तूच म्हण," ती म्हणाली. "तुला पाठ हाय की."

मी डोळे मिटून औद्योगिक क्रांतीची कारणं म्हणायला लागले. दोन कारणं घडाघडा आली. तिसऱ्यापाशी दुधाचं होतं. तेही म्हटलं, "माय, दूध उतू चाललंय."

"आले ग बाई, आले," माय म्हणाली, आणि उठायला तिनं खाटेवर हात टेकला.