सोयरीकबाई आणि वाघांची टेबलं

सोयरीकबाईंना कुणाशीही अनोळखी राहणं जमतच नसे. जंगलाच्या वेशीवरल्या मोहर्लीच्या चहाटपरीवर नवा माणूस दिसला की "गाव कोनतं? मायचं माहेर कुठी?" असं विचारत त्या त्याला नागभीडच्या आपल्या मामेसासऱ्यापर्यंत आणून सोडत. मी सिरोंच्याकडची, घरात तेलुगू बोलणारी. तरी आमच्या गावच्या मास्तरांची सासुरवाडी त्यांनी शोधून काढलीच.

वाघांच्या अभ्यासासाठी लागलेल्या आमच्या कॅम्पात टेबलांत, म्हणजे तक्त्यांत, नोंदी ठेवणारा डेटाबेस बाईंकडे होता; क्वेरी लिहून त्याला प्रश्नही त्याच विचारत. नववीत शाळा सोडलेली मी नुसती जंगलातल्या कॅमेऱ्यांच्या फोटोंना नावं द्यायची. बाईंची बदली ठरली आणि कॅम्पाचे साहेब म्हणाले, "ही क्वेरी लिहायला शिकली तर ठेवू." नाहीतर पुन्हा तेलंगणात मिरची तोडायला जाणं होतं.

बाई मजेत. "एका टेबलात वाघ, एकात पाणवठे, मधात फोटोचं टेबल. आता जमव सोयरीक!" शिकवताना त्या स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसत. माझ्या कीबोर्डला बोट लावायचं नाही, हा नेम. "माया हात लागला तं मीच शिकीन ना वं, दुसऱ्यांदा."

एकदा मी टेबलं जोडली, पण कशावरून जोडायची तेच लिहिलं नाही. पडद्यावर ओळींचा पूर. प्रत्येक वाघ प्रत्येक पाणवठ्यावर! बाई हसून हसून खुर्चीसकट हलल्या.

"अवं, साऱ्या जंगलाचं सामुदायिक लगन लावलं का तू? नवरा कोन, वऱ्हाडी कोन, काई पत्ता नाई!"

मी रडकुंडीला आले.

"रडून काऊन राह्यली? वाघाचा नंबर वाघाच्या टेबलात बी हाये, फोटोच्या बी हाये. तो जुळव. पाणवठ्याचा बी तसाच." हात मात्र मांडीखालीच.

बाई गेल्या आणि लगेच साहेबांनी विचारलं, या उन्हाळ्यात दोन्ही मोठ्या पाणवठ्यांवर कोणकोणत्या वाघिणी दिसल्या? माझ्या क्वेरीला एकच ओळ आली. घाबरून बाईंना फोन लावला.

"बाई, एकच आली. बरोबर असेल का?"

"मले काऊन इचारून राह्यली? वाघीण काय मायी वयनी लागते? फोटो पाय!" फोन कट.

फोटो उघडले, पट्टे ताडून पाहिले. दोन्हीकडे तीच. बाकीच्यांचेही तपासले, त्या एकेकाच ठिकाणी होत्या. साहेबांनी पाहिलं, मान हलवली. "पुढच्या हंगामालाही तूच बस इथे."

मी पुन्हा फोन केला आणि एका दमात सांगून टाकलं. पलीकडे एसटीचा आवाज येत होता.

"बरं झालं, पोरी," बाई म्हणाल्या. "आता ठेव. मले काय सांगून राह्यली? घरी लाव फोन. तुयी माय वाट पाहून राह्यली असन."