मामांची उजळणी

अमरावती ते अकोला या पट्ट्यात पेशीची व्याख्या विसरून सुखाने जगणं ज्या एका माणसामुळे अशक्य झालं आहे, तो माणूस म्हणजे माझे मोठे मामा. मामांनी अमरावतीच्या एका हायस्कुलात तीस-बत्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. बाकीचे शिक्षक निवृत्त झाले की त्यांचा विषयही निवृत्त होतो. मामांनी निवृत्तीनंतर फक्त वर्गाच्या भिंती काढून टाकल्या. त्यांच्या मते शाळा सुटते ती इमारतीतून. नववी-दहावीचं जीवशास्त्र माणसाला कधीच सुटत नाही. "पाठ केलेलं पेपरापर्यंत पुरते," ते म्हणतात, "समजलेलं जनमभर. पण समजलं की नाही, थे इचारल्याशिवाय कसं कळीन?" म्हणून ते विचारतात. कुणालाही, कुठेही, कशाच्याही मध्ये.

एकदा आम्ही वलगावला एका नातेवाइकाकडे निघालो होतो. एसटीत कंडक्टर तिकीट द्यायला आला, त्याने मामांना ओळखलं आणि बिचाऱ्याने वाकून नमस्कार केला. तिथेच तो फसला. मामांनी विचारलं, "परासरण म्हंजे काय?" कंडक्टर म्हणाला, "सर, पाणी जास्त असलेल्या ठिकाणाहून कमी असलेल्या ठिकाणी..." "आन् मधातलं अर्धपारगम्य पटल कुठं गेलं? थे काय अमरावतीलेच उतरलं?" मामांची ही गंमत आहे. बोलणं अस्सल वऱ्हाडी, पण शास्त्रीय शब्द आला की तो इस्त्री केलेल्या सदऱ्यासारखा कडक. कंडक्टरने सगळ्या बससमोर व्याख्या पुन्हा म्हटली, पटलासकट. मगच मामांनी तिकीट घेतलं. मागच्या सीटवरची एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "तिकीट तपासणारे पाह्यले होते व माय, कंडक्टर तपासणारा आजच पाह्यला."

विद्यार्थी नसलेल्यांनाही सवलत नाही. हेल्मेट न घातल्याबद्दल एका पोलिसाने अडवलं, तर मामा त्यालाच म्हणाले, "हेल्मेटच्या आत काय असते?" पोलीस चांगला निघाला. म्हणाला, "मेंदू." "भाग किती?" पोलिसाने एक सांगितला, दुसरा आठवेना. मामांनी स्कूटर स्टँडवर लावली, त्याच्या टोपीवर बोट ठेवून प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क आणि लंबमज्जा समजावून दिले, वर "माही चूक हाय, चलान फाड" असंही सांगितलं. त्यानंतर मामा हेल्मेट घालू लागले. पोलिसाचं काय झालं ठाऊक नाही, पण तो त्या चौकात पुन्हा दिसला नाही.

घरात तर जेवणसुद्धा साधं नाही. पहिला घास नुसत्या भाकरीचा आणि तो गोड लागेपर्यंत चावायचा, कारण लाळेतल्या विकरामुळे पिष्टमय पदार्थाची साखर होते हे ज्याच्या त्याच्या जिभेला कळलं पाहिजे. तोवर कुणी बोलायचं नाही. एकदा जेवायला आलेले मामांचे हेडमास्तर मिनिटभर चावून कंटाळले आणि "गोड लागली" असं खोटंच म्हणाले. मामांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मामींना म्हटलं, "सरांना आजून एक घास द्या." मामी या सगळ्यात शांत असत. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत, पण तीस वर्षांच्या जेवणांनी त्यांची पचनसंस्था, म्हणजे पुस्तकातली, पक्की झाली होती.

या सगळ्याला आम्ही भाचरं हसत असू. माझ्या लग्नाची वेळ आली आणि माझं हसू बंद झालं.

स्थळ अकोल्याचं होतं. मुलगा पाटबंधारे खात्यात इंजिनिअर, आईवडील साधे, आणि घरात शब्द चालायचा तो त्याच्या आत्याचा. मुलगा मला आवडला होता. बघण्याच्या दिवशी पोहे आले, जयभीम झाला, बोलणी सुरू झाली. आमच्याकडून मोठं माणूस म्हणून मामा बोलणार होते. पगार, घर, भावंडं असं काही विचारतील म्हणून तो मुलगा सावरून बसला होता. मामांनी विचारलं, "लाल रक्तपेशी कुठं तयार होतात?"

मुलगा गडबडला. "हृदयात?"

"अस्थिमज्जेत," मामा म्हणाले. "इंजिनिअर हाय, म्हणून माफ. आता आयका. दोघांचीही सिकलसेलची टेस्ट झाल्याशिवाय साखरपुडा नाही."

आत्याबाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "लग्न हाय का भरती हाय, भाऊ? कावून टेस्ट?" मामांनी थोडक्यात सांगितलं: आपल्या विदर्भात हा लाल रक्तपेशींचा आजार घराघरात आहे, आईबापांकडून येतो, तपासणं बरं. एरवी परासरणाला अर्धा तास देणाऱ्या माणसाने त्या दिवशी चार वाक्यांत धडा गुंडाळला.

माझी टेस्ट आधी झाली. सरकारी दवाखान्यातून रिपोर्ट आला: वाहक. म्हणजे मला आजार नाही, पण आजाराचं एक जनुक माझ्यात आहे. हे आज मी एका दमात लिहिते. तेव्हा तो एक शब्द वाचून माझी आई स्वयंपाकघरात जाऊन रडली, आणि दोन दिवसांनी अकोल्याहून आत्याबाईंचा फोन आला. "पोरीच्या रक्तात दोष हाय म्हणते. आमी दुसरीकडं पायतो."

मी मामांच्या घरी गेले आणि त्यांना नाही नाही ते बोलले. "सगळ्या जगाला प्रश्न विचारता ना? घ्या आता उत्तर. तुमच्या उजळणीपायी माझं लग्न मोडलं." मामी मधे पडल्या नाहीत. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "चूक माहीच हाय. म्या परीक्षा आंधी घेतली, धडा शिकवलाच नाही. उद्या सकाळच्या गाडीनं अकोल्याले जातो. तूही चाल."

"मी कशाला?"

"रक्त तुहं हाय."

दुसऱ्या दिवशी आम्हाला दारात पाहून आत्याबाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण त्यांनी पाणी दिलं. मामांनी पाणी पिऊन सांगितलं, "लग्नाचं बोलायले नाही आलो. बाई, दोन वाट्या द्या, मूठभर तूर द्या आन् थोडे उडीद." आत्याबाईंना वाटलं असावं की हा माणूस डोक्यावर पडला आहे; पण पाहुण्याने मागितलं ते दिलं. मुलगा, त्याचे आईवडील, सगळे भोवती बसले. मामांनी एका वाटीत तुरीचा एक दाणा आणि उडदाचा एक दाणा टाकला. "ही आमची पोरगी. तूर म्हंजे चांगलं जनुक, उडीद म्हंजे आजाराचं. एक चांगलं असलं की माणूस धडधाकट राह्यते. हे पाहा, समोर बसली हाय." दुसऱ्या वाटीत त्यांनी तुरीचे दोन दाणे टाकले. "हा पोरगा, याचं रक्त साफ हाय असं धरून चालू. आता डोये मिटा, दोन्ही वाट्यांतून एकेक दाणा काढा. थे तुमचं नातवंड."

आत्याबाईंनी डोळे मिटून दाणे काढले. तूर आणि तूर. परत टाकले, परत काढले. तूर आणि उडीद. असं दहा-बारा वेळा झालं. मामा फक्त वाट्या पुन्हा पुढे सरकवत होते. शेवटी आत्याबाईच वैतागल्या. "दोन उडीद कसे येतीन, भाऊ? इकडच्या वाटीत उडीदच नाही!"

"हेच तं," मामा म्हणाले. "आजार व्हायले दोन उडीद लागतात. एका बाजूनं कितीबी आला, तरी लेकराले आजार नाही."

मग त्यांनी दुसऱ्या वाटीतला तुरीचा एक दाणा काढून तिथे उडीद टाकला आणि वाटी पुन्हा आत्याबाईंपुढे सरकवली. तिसऱ्या खेपेला त्यांच्या तळहातावर दोन काळे दाणे आले. त्या बराच वेळ तळहात मिटेनात. मग हळूच भाच्याकडे वळल्या. "तुही टेस्ट केली का रे तुनं?"

"तूच तं नको म्हटलं, आत्या," तो खाली मान घालून म्हणाला.

"म्हंजे दोष पोरीत हाय म्हणून फोन केला म्या, आन् आपली वाटी पाह्यलीच नाही." हे त्या मोठ्याने म्हणाल्या, सगळ्यांसमोर. मला त्या क्षणी त्या बाईंबद्दल जो आदर वाटला, तो आजही तसाच आहे.

परतीच्या गाडीत मी मामांना विचारलं, "त्याचाही रिपोर्ट माझ्यासारखाच आला तर?"

"तं दर खेपेले चारातला एक धोका. थो हिशेब तुमी दोघांनी मांडाचा आन् तुमीच ठरवाचं. म्या फक्त धडा शिकवतो, बाई. उत्तर नाही लिहून देत."

रिपोर्ट यायला चार दिवस लागले. मामी नंतर सांगत होत्या, त्या चार दिवसांत मामांनी कुणालाही एक प्रश्न विचारला नाही. भाकरीचे घास न चावता गिळले. दूधवाला, जो रोज यकृताचं कार्य सांगून मगच पातेलं भरायचा, तो घाबरून विचारून गेला, "सरांची तब्येत बरी नाही का?"

पाचव्या दिवशी मला फोन आला. पलीकडून तो मुलगा म्हणाला, "दोन्ही तूर." आणि मला रडू फुटलेलं ऐकून घाईघाईने पुढे म्हणाला, "आणि लाल रक्तपेशी अस्थिमज्जेत तयार होतात."

लग्न विहारात झालं. आत्याबाई सगळ्या पाहुण्यांना स्वतःहून विचारत होत्या, "टेस्ट केली का पोरापोरीची?" मामा एका कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते, जिंकलेल्या पहिलवानासारखे. निघायच्या आधी मामी मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. आमच्या घरात एवढंच सांगत की मामांचा मुलगा नऊ वर्षांचा असताना तापाने गेला. मामी म्हणाल्या, "ताप नव्हता तो. हातपाय दुखायचे त्याचे, सारखे. आमी वात समजलो, थंडी समजलो. तुहे मामा एकदा रागावले बी त्याच्यावर, शाळा चुकवाले नाटकं करते म्हणून. थो गेल्यावर दोन वर्षांनी गावात तपासणीचं शिबिर आलं. आमी दोघंही वाहक निघालो. हेच शिकवत होते बाई वर्गात, आनुवंशिकता. घरातलं लेकरू दिसलं नाही." मग माझ्या पदराची पिन नीट करत म्हणाल्या, "तुही माय त्यायची सख्खी बहीण. म्हणून तुही टेस्ट. त्यायले इचारू नको."

मी कधी विचारलं नाही.

माझी मुलगी आता नववीत आहे. तीही माझ्यासारखी वाहक आहे, आणि हे ती शाळेत कुणालाही बिनधास्त सांगते. मागच्या हिवाळ्यात आम्ही अमरावतीला गेलो होतो. मामा आता ऐंशीच्या घरात आले आहेत; ऐकू कमी येतं, प्रश्न मात्र कमी झालेले नाहीत. सकाळी अंगणात उन्हात त्यांनी तिच्याकडून पुस्तकाची उजळणी करून घेतली. सगळे धडे झाले. आनुवंशिकतेचं पान आलं तेव्हा पुस्तक माझ्याकडे देऊन म्हणाले, "हा तू शिकव. म्या बसतो."

मी शिकवलं. मला जमेल तसं. मामा शालीत हात घेऊन ऐकत होते आणि त्यांनी मला एकदाही टोकलं नाही, हे त्यांच्या स्वभावात बसणारं नव्हतं. मुलीने आईबाप दोघंही वाहक धरून वहीत चार चौकोन काढले, शेवटच्या चौकोनावर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, "आणि या मुलाला दोन्हीकडून आलं तर त्याला काय होतं?"

मला उत्तर येत होतं. पण मी मामांकडे पाहिलं.

"थंडीत लय दुखते त्याले, बेटा," मामा म्हणाले. "पाय चेपून द्या लागतात. उन्हात बसवा लागते. तो खोटं नाही बोलत."

मुलीने पान उलटून पाहिलं. "हे पुस्तकात नाही, आजोबा."

"नाही," मामा म्हणाले. "लिहून घे."